बर्लिनमध्ये भाड्याचे घर मिळवताना

बर्लिनमध्ये नोकरी मिळवण्यापेक्षा घर मिळवणे अवघड आहे, हे आमच्या आधी इथे आलेल्या प्रत्येकाने सांगितले होते. ते का अवघड आहे, हे मात्र कोणी नीट सांगितले नव्हते. माझ्या हातात कायम नोकरीचा करार होता, नवऱ्याला दुरून काम करण्याची मुभा होती आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांसाठी कंपनीने राहण्याची सोयही करून दिली होती. एवढ्या भांडवलावर घर मिळायला हरकत नसावी, असा आमचा अंदाज होता. प्रत्यक्षात इथे घराच्या शोधाला लागण्यापूर्वी कागदांची एक साखळी जुळवावी लागते आणि तिची पहिलीच कडी नव्याने आलेल्या माणसाकडे नसते.

ती कडी म्हणजे पत्त्याची नोंदणी. जर्मनीत राहायला आलेल्या माणसाने घरात प्रवेश केल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आपला पत्ता ब्युर्गरआम्ट या नागरी कार्यालयात नोंदवावा, असा कायदा आहे. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. ती झाली की कर-ओळख क्रमांक टपालाने घरी येतो. तो वेळेवर मिळाला नाही, तर पगारातून सर्वांत चढ्या दराच्या वर्गानुसार कर कापला जाण्याची वेळ येऊ शकते. बऱ्याच बँका खाते उघडताना नोंदणीचा दाखला मागतात आणि निवास परवान्याच्या अर्जालाही तो लागतो. २०१५ च्या नोव्हेंबरपासून या नोंदणीसाठी नुसता भाडेकरार पुरत नाही. ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या घरात राहते, असे घर देणाऱ्याने सही करून दिलेले स्वतंत्र पत्र जोडावे लागते. कंपनीने दिलेली जागा हॉटेलवजा होती आणि असे पत्र देण्यास तिथल्या व्यवस्थापनाने नम्रपणे नकार दिला.

इथून पुढचे चक्र कोणालाही गरगरायला लावणारे आहे. घरमालक अर्जासोबत शुफाचा अहवाल मागतो. शुफा ही लोकांच्या कर्जफेडीची आणि बिलांच्या नियमितपणाची नोंद ठेवणारी खासगी संस्था आहे. तिची सुरुवात १९२७ मध्ये बर्लिनमध्येच झाली आणि आज तिच्या एका कागदावर लोकांची घरे ठरतात. तिच्या लेखी आपले अस्तित्व निर्माण व्हायचे तर इथले बँक खाते हवे, खात्यासाठी बहुतेक ठिकाणी पत्त्याची नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी घर हवे. याशिवाय मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतात, त्या पहिल्याच महिन्यात कुठून आणणार? आधीच्या मालकाकडून भाडे थकलेले नसल्याचे पत्रही मागतात. तो मालक दुसऱ्या देशात आणि दुसऱ्या भाषेत व्यवहार करणारा असतो, याची दखल छापील अर्जात कुठेही घेतलेली नसते.

म्हणून नव्याने येणाऱ्याला मी हेच सांगते की, आल्या आल्या कायमचे घर शोधू नये. जिथे पत्ता नोंदवता येईल अशी तात्पुरती जागा शोधावी. बर्लिनमध्ये काही महिन्यांसाठी परगावी जाणारे लोक आपले राहते घर सामानासकट पोटभाड्याने देतात. अशा जाहिरातीत नोंदणी शक्य आहे की नाही हे बहुधा लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर पहिल्याच निरोपात विचारावे आणि पोटभाड्याला मूळ मालकाची संमती आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. सामानासह मिळणाऱ्या जागेचे भाडे अंगावर येते, पण ते घराचे भाडे न मानता पुढच्या सगळ्या कागदांची किंमत मानली तर डोके शांत राहते. आम्हाला नॉयकोल्नमध्ये एका वादक बाईंची दोन खोल्यांची जागा मिळाली. त्यांनी नोंदणीचे पत्र किल्लीसोबतच हातात ठेवले आणि पियानोवर काहीही ठेवायचे नाही, एवढी एकच अट घातली.

याच टप्प्यावर फसवणुकीचे प्रकारही सर्वाधिक भेटतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. घराची छायाचित्रे देखणी, भाडे संशयास्पद कमी, मालक कामानिमित्त परदेशात. त्यामुळे घर प्रत्यक्ष दाखवता येत नाही, पण अनामत रक्कम पाठवली की किल्ल्या कुरिअरने येतील. सोबत विश्वासासाठी त्याच्या पासपोर्टची प्रत असते आणि आपलीही मागितलेली असते. तो पासपोर्ट बहुधा आधी फसलेल्या कोणाचा तरी असतो. घर डोळ्यांनी पाहून करारावर सही होईपर्यंत एक युरोही पाठवायचा नाही आणि ओळखपत्राची प्रत सुरुवातीलाच कोणाला द्यायची नाही, हे दोन नियम आम्ही शेवटपर्यंत पाळले.

तात्पुरत्या घरात स्थिरावल्यावर खरा शोध सुरू झाला. जाहिराती वाचायलाही सराव लागतो. दोन खोल्यांचे घर म्हणजे एक बैठकीची आणि एक झोपायची. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजणीत धरलेले नसते. भाड्याचे दोन आकडे दिलेले असतात. पहिले काल्टमीट, म्हणजे निव्वळ जागेचे भाडे, आणि दुसरे वार्ममीट, ज्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई, इमारतीचा विमा आणि बहुतेक वेळा खोल्या तापवण्याचा खर्च धरलेला असतो. वीज आणि इंटरनेट या दोन्हींत नसते. घराला स्वतंत्र गॅसचे तापन यंत्र असेल, तर त्या गॅसचे बिलही भाडेकरूच्या नावावर येते आणि मग स्वस्त वाटलेले घर हिवाळ्यात तितकेसे स्वस्त राहत नाही. काही जाहिरातींच्या कोपऱ्यात डब्ल्यूबीएस अशी अक्षरे असतात. ती घरे मर्यादित उत्पन्नाचा सरकारी दाखला असणाऱ्यांसाठी राखीव असतात, त्यामुळे दाखला नसलेल्याने तिथे अर्ज करण्यात अर्थ नाही. सहा सरकारी गृहनिर्माण कंपन्यांची घरे एका सामायिक संकेतस्थळावर दिसतात. तिथली भाडी त्यामानाने सुसह्य असतात आणि स्पर्धाही त्याच प्रमाणात असते.

जागा कुठे घ्यावी याचा विचार बर्लिनमध्ये एका वर्तुळाभोवती फिरतो. शहराच्या मध्यभागाला वळसा घालणारी रिंगबान ही सुमारे ३७ किलोमीटरची लोकल रेल्वे एका तासात पूर्ण फेरी मारते. बहुतेकांना घर तिच्या आत हवे असते. आम्हालाही सुरुवातीला तसेच हवे होते. पण एका रविवारी याच गाडीत बसून, मधे मधे उतरून आम्ही नकाशाबाहेरचे शहर पाहिले, तेव्हा लक्षात आले की रिंगच्या बाहेर दोन स्टेशनांवर राहिले तरी माझ्या कार्यालयाला जायला फारसा जास्त वेळ लागत नाही. लिश्टेनबेर्गमधल्या पूर्व जर्मनीच्या काळात बांधलेल्या काँक्रीटच्या उंच इमारतींबद्दल इथले जुने रहिवासी नाक मुरडतात. आम्हाला त्या इमारतींत लिफ्ट, मोकळी हवा आणि दक्षिणेचे ऊन दिसले. शंभर वर्षांपूर्वीच्या उंच छताच्या, नक्षीदार घरांचे सौंदर्य मला कळते. पण मागच्या चौकातल्या पहिल्या मजल्यावरची अंधारी खोली केवळ इमारत जुनी म्हणून घेण्याइतकी मी सौंदर्यासक्त नाही.

अर्जाचा वेग हा या शोधातला सर्वांत दमवणारा भाग आहे. चांगली जाहिरात सकाळी लागते आणि दुपारी नाहीशी होते, कारण तोवर मालकाकडे निरोपांचा ढीग साचलेला असतो. त्यामुळे जर्मन भाषेतले एक छोटे पत्र आम्ही तयार ठेवले होते: आम्ही कोण, किती जण, काय काम करतो, उत्पन्न किती, कधीपासून राहायला येऊ शकतो, धूम्रपान करत नाही, पाळीव प्राणी नाहीत. त्यात दर वेळी त्या विशिष्ट घराबद्दल एक वाक्य स्वतंत्र लिहायचे, म्हणजे पत्र सरसकट पाठवल्यासारखे वाटत नाही. सॅलरी स्लिपच्या जागी नोकरीचा करार आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचे एक पत्र जोडत होतो. पुढे बँक खाते झाल्यावर शुफाचा अहवालही मिळाला. त्यात आमच्याविषयी जवळजवळ काहीच नव्हते, पण वाईट काही नव्हते आणि मालकांना तेवढे पुरत होते. काही अर्जांमध्ये धर्म विचारलेला असे, एकामध्ये मूल होण्याचा विचार आहे का असाही प्रश्न होता. असे प्रश्न विचारण्याचा मालकाला अधिकार नाही, हे मला एका सहकारी बाईंनी सांगितले. ते रकाने मी कोरे ठेवू लागले.

उत्तर आले तर घर पाहायला बोलावतात आणि तिथे आपण एकटे नसतो. प्रेन्झलाउअर बेर्गमधले एक घर पाहायला गेलो तेव्हा रांग चौथ्या मजल्यावरच्या दारापासून जिन्याने खाली रस्त्यापर्यंत आलेली होती. प्रत्येकाच्या काखेत एक फाइल. कोणी कोणाशी बोलत नव्हते, कारण पुढचा प्रत्येक जण प्रतिस्पर्धी होता. एक तरुण जोडपे तेवढे आपल्या बाळाला खिडकीतून अंगणातले झाड दाखवत होते. दारापाशी बूट काढून पाच-पाच जणांना आत सोडत होते. आत गेल्यावर न्हाणीघराला खिडकी आहे का, भिंतीला ओल आहे का, खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत का, एवढे पाहायला जेमतेम वेळ मिळे. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेल्या गठ्ठ्यावर आपली फाइल ठेवायची आणि हसतमुखाने बाहेर पडायचे. मुलगी पाहायला जावे आणि तिथे आपलीच परीक्षा व्हावी, असा तो प्रकार होता. दलाल बाई मात्र कामात चोख होत्या. कोणी फाइल दिल्याबरोबर त्या तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी खूण करत होत्या आणि त्या खुणेचा अर्थ काय असेल, यावर आम्ही परतीच्या ट्राममध्ये बराच काथ्याकूट केला. त्या घराचे उत्तर आले नाही. नकार बहुधा येतच नाही. गप्प राहणे हाच नकार असतो.

मालक एवढे पारखून का घेतात, हे मला भाडेकरूंचे हक्क वाचल्यावर समजले. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार संपला की मालक जागा खाली करून मागू शकतो. इथे भाडेकरार साधारणपणे बेमुदत असतो. भाडेकरूने तीन महिन्यांची सूचना देऊन घर सोडावे. मालकाला मात्र घर खाली करून घेण्यासाठी कायद्याने मान्य केलेले कारण दाखवावे लागते, उदाहरणार्थ, त्याला स्वतःला किंवा जवळच्या कुटुंबीयांना तिथे राहायचे आहे. भाडेकरू जितका जुना, तितकी मालकाने द्यायची सूचनेची मुदत वाढते: पाच वर्षांनंतर सहा महिने, आठ वर्षांनंतर नऊ महिने. भाडेही मनाला येईल तसे वाढवता येत नाही. जून २०१५ पासून बर्लिनमध्ये नव्या कराराचे भाडे तुलनात्मक भाड्यापेक्षा, म्हणजे त्या भागातल्या तशाच घरांच्या नेहमीच्या भाड्यापेक्षा, फार तर दहा टक्क्यांनी जास्त असावे, असा नियम आहे. मात्र १ ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेली घरे त्यातून वगळलेली आहेत. बर्लिन हे शहर स्वतः एक राज्यही आहे आणि त्याने २०२० मध्ये भाडी गोठवणारा आणखी कडक कायदा आणला होता. तो संघीय घटना न्यायालयाने २०२१ च्या एप्रिलमध्ये रद्दबातल ठरवला, कारण हा विषय राज्याच्या अखत्यारीत नव्हता. थोडक्यात, एकदा आत आलेल्या माणसाला कायदा भक्कम आधार देतो आणि नेमक्या त्याच कारणाने मालक आत घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. शिवाय जुन्या कराराचे भाडे कमी असल्यामुळे आत असलेले लोक घर सोडत नाहीत. दाराबाहेरची रांग आणि दाराआडचे संरक्षण ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत. हे उमगल्यावर गप्प राहणाऱ्या मालकांवरचा माझा राग बराच निवळला आणि मी अर्ज त्यांच्या भीतीला उत्तर देईल अशा रीतीने लिहू लागले: उत्पन्न भाड्याच्या तिपटीहून अधिक, नोकरी कायम, मुक्काम दीर्घकाळाचा.

आम्हाला घर मिळाले ते अखेर लिश्टेनबेर्गमध्येच, सहाव्या मजल्यावर, जाहिरातीत एकही धड छायाचित्र नसलेले. छायाचित्रे वाईट असल्यामुळे पाहायला आलेले लोकही मोजके होते, असा माझा तर्क आहे. व्यवस्थापन कार्यालयातल्या गृहस्थांनी फाइल तिथेच उभ्या उभ्या वाचली, नवऱ्याला दोन-चार प्रश्न विचारले आणि पुढच्या आठवड्यात कराराचा मसुदा पाठवला.

मसुदा पंधरावीस पानांचा होता आणि तो आम्ही जर्मन जाणणाऱ्या सहकाऱ्यासोबत बसून शब्दन् शब्द वाचला. त्यात तीन गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. पहिली म्हणजे दोन्ही बाजूंनी ठरावीक काळ करार सोडता येणार नाही, असे कलम आहे का. असा काळ चार वर्षांपर्यंत असू शकतो. दुसरी म्हणजे भाडेवाढ कोणत्या पद्धतीने होणार: दर वर्षी ठरलेल्या पायऱ्यांनी, महागाई निर्देशांकानुसार, की तुलनात्मक भाड्यानुसार. महागाई कमी असताना निर्देशांकाचे कलम निरुपद्रवी दिसते, पण महागाई वाढते तेव्हा भाडेही तिच्यामागून चढते. तिसरी म्हणजे घर सोडताना रंगकाम कोणी करायचे. अनामत रक्कम कायद्याने निव्वळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा अधिक घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. नव्या शहरात पहिल्या महिन्यात सगळीकडून पैशाला वाटा फुटलेल्या असतात, तेव्हा या हप्त्यांचा आधार मोठा वाटतो. आम्ही तो हक्क वापरला आणि कार्यालयाने त्यावर चकार शब्द काढला नाही.

घराचा ताबा घेण्याचा दिवस हा करारावरच्या सहीइतकाच महत्त्वाचा आहे. त्या दिवशी व्यवस्थापकांसोबत खोल्याखोल्यांतून फिरून एक नोंदपत्र भरतात आणि घर सोडताना नुकसानीचा सगळा वाद त्या कागदावर मिटतो. आमचे व्यवस्थापक चष्मा कपाळावर सरकवून, पाण्याच्या आणि तापन यंत्रांच्या मीटरवरचे आकडे मोठ्याने वाचत होते आणि मी ते लिहीत होते; प्रत्येक मीटरचा फोटोही मी काढून ठेवला. लाकडी फरशीवरचा एक लांब ओरखडा, न्हाणीघरातली तडकलेली टाइल, बाल्कनीच्या दाराची सैल मूठ, असे सगळे आम्ही नोंदवून घेतले. त्यांना त्याचे वाईट वाटले नाही, उलट बैठकीच्या खिडकीखालचा एक डाग मी पाहिला नव्हता तो त्यांनीच दाखवून लिहायला लावला. शेवटी किल्ल्या मोजून लिहिल्या. संपूर्ण इमारतीची कुलपे एकाच किल्ली-प्रणालीत बसवलेली असतील आणि एक किल्ली हरवली, तर प्रकरण भलतेच महागात पडू शकते. म्हणून दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा व्यक्तिगत दायित्व विमा इथे बहुतेक जण घेतात. त्यात किल्ल्यांचा समावेश आहे ना, हे वेगळे तपासावे लागते.

रिकामे घर इथे खरोखरच रिकामे असते. छतातून दिव्यांच्या जागी उघड्या वायरी लोंबत होत्या, पडद्यांच्या दांड्या आधीच्या भाडेकरूने काढून नेल्या होत्या आणि स्वयंपाकघरात एक विजेची शेगडी आणि भांडी धुण्याचे बेसिन सोडले तर काहीही नव्हते. एवढे तरी होते, हे भाग्यच. जर्मनीत अनेक शहरांत भाडेकरू घर सोडताना बेसिनसकट सगळे स्वयंपाकघर उचलून नेतो किंवा नव्या भाडेकरूला विकतो. ताबा संध्याकाळी घेतला असता, तर पहिली रात्र मोबाइलच्या उजेडात काढावी लागली असती. कपाटे आम्ही घर बदलणाऱ्या लोकांकडून जुनी घेतली.

घर मिळाल्यावर दारावरच्या घंटीशेजारी आणि टपालपेटीवर आपले आडनाव लावणे हे पहिले काम. इथे इमारतीच्या दारावर फ्लॅटचा क्रमांक बहुधा नसतो. टपाल नावावर येते आणि नाव नसले तर ते परत जाते. कर-क्रमांक, बँकेचे कार्ड, परवान्याच्या भेटीची तारीख, सगळे टपालानेच येत असल्यामुळे ही चिठ्ठी किरकोळ समजू नये. मग पुन्हा ब्युर्गरआम्ट, कारण पत्ता बदलला की नोंदणीही बदलते. शहरातल्या कोणत्याही ब्युर्गरआम्टमध्ये हे काम होते, त्यामुळे आपल्या भागात वेळ मिळत नसेल तर दूरच्या कार्यालयात पाहावे. सकाळी लवकर संकेतस्थळावर रद्द झालेल्या वेळा दिसतात. नोंदणीनंतर प्रसारण शुल्काचे पत्र घरी येते. टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे महिना १८.३६ युरो भरावे लागतात. नवऱ्याने टीव्ही नसल्याचे कळवून पाहावे का, असे विचारले. त्याचा उपयोग नाही, शुल्क घरावर आहे.

विजेचा पुरवठा कोणताही करार न करता सुरूच असतो, कारण त्या भागाचा मूळ पुरवठादार आपोआप लागू होतो. तो बहुधा महाग असतो. आम्ही दोन आठवड्यांत दुसरा पुरवठादार निवडला आणि ताब्याच्या दिवशी लिहिलेला विजेच्या मीटरचा आकडा तेव्हाच कामी आला.

पुढच्या वर्षी वार्षिक खर्चाचा हिशेब आला. दरमहा भाड्यासोबत भरलेली इतर खर्चाची रक्कम हा केवळ अंदाज असतो. मालकाने हिशेबाचे वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष खर्चाचा ताळेबंद द्यावा लागतो. आमच्याकडून तापनापोटी बरीच जादा रक्कम मागितली होती. आम्ही १८८८ पासून चालत आलेल्या भाडेकरू संघटनेचे, बर्लिनर मीटरफेराइनचे, सभासद झालो होतो, म्हणून तो कागद घेऊन तिथल्या सल्लागारांकडे गेलो. त्यांनी एकेक ओळ तपासली, इमारतीच्या दुरुस्तीचा एक खर्च भाडेकरूंवर टाकता येत नाही असे दाखवले आणि आक्षेपाचे पत्र कसे लिहायचे ते सांगितले. कार्यालयाने तेवढी रक्कम वजा करून सुधारित हिशेब पाठवला. तापनाचा आकडा मात्र बरोबर निघाला आणि तो आम्ही भरला.